गॅस भरायचा तर तोलून भरावा

व्यापारी माणसाच्या खर्चाच्या वहीत काही रकमा दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत लिहिल्या जातात आणि त्यांच्याबद्दल कोणी विचारही करीत नाही. 'एसीत गॅस भरला' ही अशीच एक रक्कम आहे. उन्हाळा लागला की मेकॅनिक येतो, बाहेरच्या मशीनला नळी जोडतो, दहा-पंधरा मिनिटांत काम उरकतो आणि दोन-तीन हजार रुपये घेऊन जातो. किती गॅस भरला हे तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. सुताचे पोते घेताना आपण बारदानाचे वजनसुद्धा वजा करून घेतो. कापडाचा ताग मोजताना चार बोटांचा फरक आला तरी माल परत करतो. मग हा एकच माल आपण न तोलता, न मोजता, डोळे मिटून का घेतो?

हा प्रश्न आम्हाला उशिरा पडला, आणि तो पडण्यासाठी आम्हाला चांगलीच किंमत मोजावी लागली. आपल्या दुकानदार बंधूंवर तशी पाळी येऊ नये म्हणून आज या पानावर कापडाचा विषय बाजूला ठेवून आम्ही या विषयावर लिहीत आहोत. आम्ही मेकॅनिक नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु नुकसान झाल्यावर जाणकारांकडे बसून, विचारून, समोर काम करवून घेऊन जे शिकलो ते येथे देत आहोत.

आमच्यावर काय गुजरले

मालेगावच्या आमच्या दुकानावर एक खोली आहे. दिवसा तेथे ठोक गिऱ्हाइकांना माल उघडून दाखवला जातो आणि रात्री बाहेरगावचे व्यापारी मुक्कामाला राहतात. आमच्याकडे उन्हाळा कडक असतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडीही झोंबते. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही त्या खोलीत दीड टनाचा, थंड आणि गरम अशा दोन्ही कामांचा इन्व्हर्टर एसी बसवला. यालाच जाणकार हीट पंप म्हणतात.

मे २०२२ मध्ये थंडावा कमी झाला आणि आतल्या मशीनच्या कॉइलवर बर्फ दिसू लागला. मेकॅनिक आला, त्याने गेज लावले, काटा खाली आहे असे दाखवले, गॅस भरला व २,५०० रुपये घेतले. जानेवारी २०२३ मध्ये पहाटेच्या वेळी बाहेरच्या मशीनवर पांढरे हिम जमलेले दिसले. तोच मेकॅनिक आला. त्याने मशीन थंडाईवर चालवली, काटा पुन्हा खाली होता, म्हणून पुन्हा गॅस भरला. या वेळी ३,००० रुपये लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात खोली गरम करायला लावले की मशीन थोडा वेळ चालून आपोआप बंद पडू लागली. आम्ही कांबळी देऊन वेळ भागवली. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लग्नसराईच्या खरेदीत, कॉम्प्रेसर बसला.

कॉम्प्रेसर वॉरंटीत होता, पण गॅस, मजुरी व वाहतूक धरून साडेसात हजार गेलेच. त्याहून मोठे नुकसान म्हणजे अकरा दिवस खोली बंद राहिली. बाहेरगावची गिऱ्हाइके उकाड्यात बसेनात. त्यांतील काहींनी दुसरीकडे माल पाहिला आणि तिकडेच सौदे केले.

कंपनीकडून आलेला मुलगा आयटीआय झालेला, वयाने आमच्या धाकट्या मुलाएवढा. त्याने आधी मशीनमधला सगळा गॅस एका रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि तो सिलिंडर काट्यावर ठेवला. गॅस भरला १,३८० ग्रॅम. मशीनच्या पाटीवर ९०० ग्रॅम लिहिलेले होते. बसवताना नळी लांब होती म्हणून ८० ग्रॅम जादा भरल्याची नोंद होती. म्हणजे पाहिजे होता ९८० ग्रॅम आणि आत निघाला ४०० ग्रॅम जास्त. मग त्याने नळ्यांत नायट्रोजन भरून पाहिले. गळती कोठेच नव्हती. आमचा गॅस पहिल्या दिवसापासून एक ग्रॅमही कमी झालेला नव्हता.

"मग काटा खाली का दाखवत होता?" आम्ही विचारले.

त्याने आतल्या मशीनची जाळी काढून आमच्या हातात दिली. सुताचे बारीक तंतू आणि धूळ यांचा तिच्यावर नमद्यासारखा थर बसला होता. "चाचा, हवाच जात नव्हती, तर काटा वर कुठून येणार? काटा दाब सांगतो, वजन सांगत नाही," तो म्हणाला.

त्या एका वाक्यात सगळा धडा आहे. तो आता सावकाश समजून घेऊ.

हीट पंप म्हणजे काय

पुष्कळांची समजूत अशी असते की एसी थंडी तयार करतो. तसे नाही. एसी उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकतो. हमाल गोदामातून गाठ उचलून दुकानात आणतो, तो कापड विणत नाही. आपण त्याला देतो ती ओझे वाहण्याची हमाली. एसीत विजेचे बिल ही हमाली आहे आणि गॅस हा हमाल आहे. उन्हाळ्यात तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंपात एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की हमालाची दिशा उलटी होते आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून तो खोलीत आणतो. बाहेरची हवा आपल्याला थंड वाटली तरी तिच्यात उष्णता असतेच. म्हणूनच हीटरची कांडी एक युनिट विजेत एक युनिटाची उष्णता देते, तर चांगला हीट पंप आपल्याकडच्या थंडीत तेवढ्याच विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता खोलीत आणून टाकतो.

हे ओझे गॅस कसा वाहतो? पातळ रूपातील गॅस कमी दाबाखाली उकळून वाफ होतो तेव्हा तो उष्णता शोषतो. त्या वाफेला कॉम्प्रेसर दाबतो, तेव्हा ती तापते व दुसऱ्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा पातळ होते. मग बारीक नळी किंवा व्हॉल्व्हमधून जाताना दाब उतरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. हा फेरा बंद तांब्याच्या नळ्यांत चालतो. यात गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. घरातील फ्रिज पंधरा-पंधरा वर्षे चालतो, त्यात दरवर्षी गॅस कोण भरतो? एसीचे तत्त्व तेच आहे.

म्हणून पहिला नियम असा की, गॅस 'संपला' असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ गॅस गळाला. आणि गळाला असेल तर गळती कोठे आहे हे आधी दाखवले पाहिजे. फुटक्या माठात पाणी ओतून उपयोग नाही.

दाब आणि वजन यांतील फरक

दाब वजन का सांगत नाही, हे स्वयंपाकघरातील सिलिंडरवरून चटकन कळते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो भरलेला असो की अर्धा झालेला, आतील दाब जवळजवळ तोच राहतो, कारण आत पातळ गॅस आहे तोवर दाब फक्त उष्णतामानावर ठरतो. म्हणूनच सिलिंडर घेताना आपण तो काट्यावर तोलून घेतो, दाब मोजून घेत नाही. एसीच्या गॅसचेही तसेच आहे.

चालू मशीनमध्ये तर काटा आणखी फसवतो. थंडाईवर मशीन चालू असताना जाड नळीवर जो दाब दिसतो, त्यावरून आतील कॉइलमध्ये गॅस किती अंशांवर उकळत आहे एवढेच कळते. आर-२२ गॅस सुमारे ७० पौंडांवर ५ अंशाला उकळतो. आर-४१०ए आणि आर-३२ हे ५ अंशाला सुमारे १२० पौंडांवर असतात. आता हा दाब गॅस कमी असल्याने खाली येऊ शकतो. पण जाळी तुंबल्यानेही येतो, आतला पंखा हळू फिरल्यानेही येतो, बाहेर थंडी असल्यानेही येतो आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरने वेग वाढवल्यानेही येतो. कारणे पाच, आणि काटा एक! जो मेकॅनिक काटा खाली पाहताच सिलिंडरची चावी उघडतो, तो बाकीची चार कारणे न तपासताच निकाल देतो.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. मे महिन्यात तंतूंनी तुंबलेल्या जाळीमुळे दाब उतरला होता. जाळी धुतली असती तर काम दहा मिनिटांत आणि फुकटात झाले असते. जानेवारीत बाहेर थंडी असताना मशीन थंडाईवर चालवल्यामुळे काटा खालीच राहणार होता. पहाटे बाहेरच्या मशीनवर जमलेले हिम हा तर दोषच नव्हता. गरम करताना बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही थंड असते, म्हणून दमट थंडीत तिच्यावर हिम धरते. मशीन ते ओळखून मधूनमधून स्वतःच दिशा उलटवते आणि हिम वितळवते. त्या पाच-दहा मिनिटांत आतला पंखा थांबतो व बाहेरून वाफ निघताना दिसते. हे पाहून घाबरू नये. मात्र हिमाचा जाड थर तासन्‌तास तसाच राहत असेल, तर जाणकाराला बोलवावे.

कमी गॅसचे नुकसान, जास्त गॅसचे नुकसान

गॅस कमी असेल तर आतील कॉइलचा सुरुवातीचाच भाग थंड होतो, तेथे बर्फ धरतो आणि बाकीची कॉइल कोरडी राहते. कॉम्प्रेसरला थंडावा देणारी परतीची वाफ कमी पडते व तो तापतो. खोली थंड होत नाही, मीटर मात्र फिरत राहतो.

गॅस जास्त असेल तर नुकसान आधी दिसत नाही, आणि हेच वाईट. जादा गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये पातळ होऊन साचतो, दाब चढतो, वीज जास्त लागते. कधी पातळ गॅस वाफ न होता तसाच कॉम्प्रेसरमध्ये परत जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो, पातळ गॅस दाबला जात नाही. शिवाय तो तेल पातळ करतो, त्यामुळे आतील भाग घासतात व शेवटी कॉम्प्रेसर बसतो.

हीट पंपात ही चूक आणखी महाग पडते. उन्हाळ्यात गॅस पातळ होण्याचे काम बाहेरच्या मोठ्या कॉइलमध्ये चालते, हिवाळ्यात तेच काम आतल्या लहान कॉइलला करावे लागते. मोठ्या गोदामात चार गाठी जास्त झाल्या तर खपून जातात, लहान दुकानात त्याच वाट अडवतात. म्हणून उन्हाळ्यात न जाणवलेला जादा गॅस हिवाळ्यात दाब एकदम चढवतो आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. आमची मशीन त्या हिवाळ्यात वारंवार का थांबत होती, याचा उलगडा आम्हाला कॉम्प्रेसर गेल्यावर झाला.

गॅस भरण्याची खरी रीत

आता मुख्य धड्याकडे येऊ. खाली दिलेले काम मालकाने स्वतः करायचे नाही. गॅसचा दाब, वीज आणि आग या तिन्हींशी गाठ असते. पण समोर चाललेले काम बरोबर आहे की नाही, हे मालकाला कळले पाहिजे.

पहिली पायरी, सफाई. आतली जाळी, दोन्ही कॉइल व पंखे साफ करावेत. कापड, पिंजलेला कापूस, गाद्या, पीठ, भुसा यांचा धंदा असेल तेथे तर ही पायरी कधीच चुकवू नये. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात असा आमचा आता तजुर्बा आहे.

दुसरी पायरी, गळती शोधणे. सफाईनंतरही दोष राहिला तर नळ्यांचे सांधे पाहावेत. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, म्हणून सांध्यावर तेलकट डाग व त्यावर चिकटलेली धूळ ही गळतीची खूण असते. स्प्लिट एसीत बहुतेक वेळा फ्लेअर नटच्या सांध्यात गळती सापडते. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. बारीक गळतीसाठी उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेऊन नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरतात व दाब उतरतो का ते पाहतात. या कामासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर मेकॅनिकच्या हाताशी असतो, म्हणून हे ठळकपणे सांगत आहोत.

तिसरी पायरी, व्हॅक्यूम. सांधा दुरुस्त झाल्यावर नळ्यांत शिरलेली हवा व ओल काढून टाकावी लागते. हवेचा साधा दाब ७६० मि.मी. पारा एवढा असतो. तो सुमारे २४ मि.मी.पर्यंत उतरवला की २५ अंशाचे पाणीही उकळू लागते. व्हॅक्यूम पंप याच तत्त्वावर ओल वाफेच्या रूपात बाहेर ओढतो. चांगले काम करणारे ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मि.मी. पाऱ्यापर्यंत दाब उतरवतात, पंप बंद करतात आणि दहा-पंधरा मिनिटे वाट पाहतात. दाब थोडा चढून थांबला तर ओल शिल्लक आहे, चढतच राहिला तर गळती शिल्लक आहे. आर-४१०ए आणि आर-३२ मशीनमधील तेल हवेतील ओल भराभर शोषते व त्यातून पुढे आम्ल तयार होते, म्हणून त्यांत ही पायरी अधिकच महत्त्वाची आहे. काही मेकॅनिक पंप आणण्याऐवजी थोडा गॅस सोडून 'हवा मारतात'. त्याने ओल निघत नाही, आणि गॅस वाया जातो तो निराळाच.

चौथी पायरी, तोल. बाहेरच्या मशीनच्या पाटीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. ते वजन ठरावीक लांबीच्या नळीसाठी असते. नळी त्याहून लांब असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. आमचा हिशेब असा होता: पाटीवर ९०० ग्रॅम, ५ मीटर नळीसाठी. आमची नळी ९ मीटर, म्हणजे ४ मीटर जास्त. दर मीटरला २० ग्रॅम धरून ८० ग्रॅम. एकूण ९८० ग्रॅम. आपल्या मशीनचे आकडे वेगळे असतील, ते आपल्याच पुस्तिकेतून घ्यावेत. मग सिलिंडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून, नळीतील हवा काढून, आकडा शून्यावर आणून, ठरलेले वजन आत सोडावे. मशीन बंद असताना व्हॅक्यूमच्या ओढीने बराचसा गॅस आत जातो. उरलेला मशीन थंडाईवर चालवून थोडा थोडा, दम घेत सोडावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर-४१०ए हा आर-३२ आणि आर-१२५ या दोन वायूंचे वजनाने निम्मे-निम्मे मिश्रण आहे. तो सिलिंडरमधून पातळ रूपातच काढावा, नाही तर मिश्रणाचे प्रमाण बिघडते. आर-२२ आणि आर-३२ हे एकेरी वायू आहेत, त्यांना ही अडचण नाही.

पाचवी पायरी, पडताळणी. वीस-पंचवीस मिनिटे मशीन चालवून आत शिरणारी व बाहेर पडणारी हवा थर्मामीटरने पाहावी. किती अँपिअर वीज घेते ते पाटीशी ताडून पाहावे. हीट पंप असेल तर दोन्ही बाजूंनी चालवून पाहावा.

काट्याचा उपयोग कोठे

गेज अजिबात निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. गेजबरोबर नळीचे उष्णतामान मोजले तर त्याला अर्थ येतो. समजा जुन्या आर-२२ मशीनमध्ये काटा ७० पौंड दाखवतो, म्हणजे गॅस ५ अंशाला उकळतो आहे. त्याच वेळी परतीची जाड नळी १२ अंश आहे. हा ७ अंशांचा फरक म्हणजे सुपरहीट. तो फार वाढला तर आतील कॉइलला गॅस कमी पडतो आहे, फार घटला तर पातळ गॅस परत जाण्याची भीती आहे. साध्या कॅपिलरी नळीच्या मशीनमध्ये जाणकार यावरून अंदाज करतात, आणि तेही आतली-बाहेरची हवा मोजून व तक्ता पाहून. ज्या मोठ्या मशीनमध्ये एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो, तेथे बाहेरच्या कॉइलमधून निघणाऱ्या पातळ गॅसचे उष्णतामान पाहतात. गॅस ४५ अंशाला पातळ होत असेल आणि नळी ३९ अंश असेल, तर ६ अंशांचे सबकूलिंग झाले. किती असावे हे कंपनी सांगते.

परंतु घरादुकानांतील इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसरचा वेग व व्हॉल्व्हची तोंडे सतत बदलत असतात. दाब घडीघडीला निराळा. तेथे वजनाशिवाय दुसरा भरवशाचा मार्ग नाही. थंडीच्या दिवसांत तर कोणत्याही हीट पंपासाठी तोलून भरणे हीच रीत.

आणखी एक धोका. मशीन गरम करण्यावर चालू असते तेव्हा तीच जाड नळी कॉम्प्रेसरच्या तप्त, उच्च दाबाच्या बाजूला जोडलेली असते. त्या वेळी तिला कमी दाबाचे गेज जोडले तर गेज निकामी होईल, माणसाला इजाही होईल. पुष्कळ मशीनमध्ये हिवाळ्यातही थंडाईवर चालवून पाहण्यासाठी चाचणीची सोय दिलेली असते. जाणकार ती वापरतो, आणि त्या वेळचा दाब ऋतू पाहून वाचतो.

कोणता गॅस

मशीनवर लिहिलेलाच गॅस भरावा. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ किंवा आर-२९० भरून देणारे भेटतात, त्यांना दुकानात शिरू देऊ नये. आर-३२ सौम्य प्रमाणात पेट घेणारा आहे, आर-२९० तर प्रोपेन आहे आणि तो चांगलाच पेटतो. हे वायू वाईट नाहीत, पण ते त्यांच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्येच शोभतात. कापडाच्या दुकानात याचा विसर पडू नये. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, विडी-सिगारेट पेटवू देऊ नये आणि जवळचे ताग हलवावेत.

सील तुटलेला, नाव खोडलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी नको. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून कामगारांचे जीव गेले. त्यांत बनावट गॅस भरला गेला होता व त्यातील मिथाइल क्लोराइडची मशीनमधील ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली होती. नकली माल कापडात निघाला तर रंग जातो, येथे जीव जातो.

जुना गॅस हवेत सोडून देण्याची सवयही सोडली पाहिजे. आर-२२ ओझोनच्या थराला हानी करतो. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार असे वायू टप्प्याटप्प्याने बंद केले जात आहेत. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवेतील उष्णता कोंडून धरतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-४१०ए सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, तर आर-३२ सुमारे पावणेसातशे किलोएवढा परिणाम करतो. त्यांचा वापर कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे दुरुस्ती झाली आणि भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे गॅस काढून घेऊन सिलिंडरमध्ये साठवणारा कारागीर मालकाचा पैसा वाचवतो आणि सर्वांची हवाही राखतो.

दुकानदार बंधूंनी काय करावे

जाळी साफ करण्याचा वार ठरवून घ्यावा. आमच्याकडे आता दर शुक्रवारी सकाळी जाळी धुतली जाते. बाहेरच्या मशीनच्या पाटीवरील गॅसचे नाव, वजन आणि नळीची लांबी वहीत लिहून ठेवावी. मेकॅनिक आला की चार प्रश्न विचारावेत: गळती कोठे आहे ते दाखवा. व्हॅक्यूम पंप आणला आहे का? वजनकाटा आणला आहे का? बिलावर किती ग्रॅम लिहिणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर सिलिंडरची चावी उघडू देऊ नये.

यात कारागिराचाही अपमान नाही. गळती शोधणे, नायट्रोजन, व्हॅक्यूम, तोल या कामाला दोन-तीन तास लागतात. त्याचा मेहनताना दहा मिनिटांच्या कामापेक्षा जास्तच असणार आणि तो आनंदाने द्यावा. आपण मजुरीत घासाघीस करतो, म्हणून तो गॅसमध्ये वसूल करतो. आमचा जुना मेकॅनिक लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याला जसे शिकवले तसे तो करीत होता, आणि आम्ही त्याला कधी काट्यावर तोलायला सांगितले नाही. गफलत दोघांची होती. मागच्या वर्षी त्याने वजनकाटा घेतला. आता तो आमच्या बाजारपेठेत बिलावर ग्रॅम लिहून देतो आणि त्याला पूर्वीपेक्षा जास्त काम मिळते.

आमच्या त्या मशीनच्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे: 'आर-३२, ९८० ग्रॅम, एप्रिल २०२४.' तेव्हापासून त्यात एक ग्रॅमही गॅस भरावा लागलेला नाही. खर्चाच्या वहीतली ती दरवर्षीची रक्कम बंद झाली आहे. आपापल्या वह्या उघडून आपणही ती रक्कम एकदा शोधून पाहावी, आणि पुढच्या खेपेस तिच्यापुढे ग्रॅम लिहून घ्यावेत.